३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर घेण्याआधी टेबलाची खोली मोजा

प्रश्न थोडक्यात असा: घरून काम, रोज आठ-नऊ तास. २०१९ चा १५.६ इंची लॅपटॉप, आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एक एचडीएमआय आणि एक टाइप-सी पोर्ट. दिवसभर एक्सेल, ब्राउझर आणि मराठी मजकुराचं संपादन, रात्री सिनेमा. बेडरूममधलं टेबल १०० सेंमी रुंद, ५० सेंमी खोल, भिंतीला टेकवलेलं. ३४ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रुंद मॉनिटर, घ्यावा की २७ इंची साधा? आणि घेतल्यावर तो नीट बसवायचा कसा?

या सगळ्यात निर्णायक आकडा ३४ नाही, ५० आहे. मॉनिटर नंतर बदलता येतो, पण बेडरूममध्ये टेबल पुढे सरकवायला जागा नसते. म्हणून सुरुवात टेबलापासून करू.

त्याआधी इंचांबद्दल. मॉनिटरचे इंच कर्णावर मोजतात, आणि कर्ण फसवतो. १६:९ चा (रुंदी १६ तर उंची ९) २७ इंची मॉनिटर सुमारे ६० सेंमी रुंद आणि साडेतेहतीस सेंमी उंच असतो. २१:९ म्हणून विकला जाणारा ३४ इंची ८० सेंमी रुंद असतो, पण उंची तीच, तेहतीस-साडेतेहतीस. म्हणजे ३४ इंची अल्ट्रावाइड हा दोन्ही बाजूंनी दहा-दहा सेंमी ओढलेला २७ इंचीच आहे. याच हिशेबाने २९ इंची वाइड घरी आणलात तर त्याची उंची साध्या २३ इंचीएवढी, साडेअठ्ठावीस सेंमी भरते. '२७ पेक्षा मोठा आणि स्वस्त' म्हणून २९ घेणारे इथेच फसतात. मजकूर वरून खाली वाचला जातो, त्यामुळे लिहिण्या-वाचण्याच्या कामाला उंची लागते, रुंदी नंतर.

पिक्सेलमध्ये पाहा. एक्सेलची नेहमीची ओळ १०० टक्के स्केलिंगवर (म्हणजे विंडोजने अक्षरं मोठी न करता) २० पिक्सेल उंच आणि कॉलम ६४ पिक्सेल रुंद असतो. १०८० उभ्या पिक्सेलवरून १४४० वर गेलात की १८ ओळी जास्त दिसतात. २५६० आडव्या पिक्सेलवरून ३४४० वर गेलात की तेरा-चौदा कॉलम जास्त. ज्यांच्या शीट आडव्या पसरतात, म्हणजे बारा महिन्यांचे कॉलम, पुढे बेरजा, पुढे शेरे, त्यांना अल्ट्रावाइडचं सुख खरं आहे. उभ्या याद्या पाहणाऱ्याला त्याचा फारसा फायदा नाही.

आता तुमचं टेबल. मॉनिटरच्या स्टँडचा पाया बहुधा २० ते २७ सेंमी खोल असतो. पाया भिंतीला टेकवला तरी काचेचा पृष्ठभाग भिंतीपासून १५ ते २० सेंमी पुढे येतो. वक्र मॉनिटरची कड आणखी पुढे असते: १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा बाक, आणि ८० सेंमी रुंदीला त्या बाकाने दोन्ही कडा मध्यापेक्षा सुमारे सव्वापाच सेंमी पुढे येतात. ५० मधून १८ गेले, उरले ३२. टेबलाच्या कडेपासून तुमचे डोळे साधारण २० ते २५ सेंमी मागे. म्हणजे डोळा ते पडदा हे अंतर ५२ ते ५७ सेंमी. २७ इंचीला हे चालतं, थोडं जवळ पण चालतं. ८० सेंमी रुंद पडद्याला नाही. पंचावन्न सेंमीवरून त्याच्या दोन्ही कडा ७० अंशांहून मोठ्या कोनात पसरतात, नजर पुरत नाही आणि दर वेळी मान वळवावी लागते. ३४ इंचीला डोळ्यापासून ७० ते ८० सेंमी हवेत. त्यासाठी टेबल ७० सेंमी खोल तरी हवं. मॉनिटर आर्म, म्हणजे स्टँडऐवजी टेबलाच्या कडेला शिकंज्याने बसवायचा दुमडता हात, एकटा पुरत नाही.

पैसे देण्याआधी एक करा. जुनी वर्तमानपत्रं जोडून ८० × ३३ सेंमीचा एक आणि ६० × ३३ सेंमीचा एक असे दोन तुकडे कापा. मागे पुठ्ठा लावून टेबलावर भिंतीपासून १८ सेंमी पुढे उभे करा, तळ टेबलापासून १२ सेंमी वर. समोर नेहमीच्या खुर्चीत, नेहमीसारखं बसा आणि दोन्ही कोपऱ्यांतल्या बातम्या आळीपाळीने वाचा. दहा मिनिटांत उत्तर मिळतं. दुकानात उभं राहून मॉनिटर पाहण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, कारण तिथे आपण तो दीड मीटरवरून पाहत असतो आणि दीड मीटरवरून सगळेच मॉनिटर सुरेख दिसतात.

रुंदीचंही गणित आहे. १०० सेंमी टेबलावर ८० सेंमीचा मॉनिटर ठेवला की शेजारी १५.६ इंची लॅपटॉप उघडा मावत नाही, तो स्वतःच ३६ सेंमी रुंद असतो. मग लॅपटॉप मिटून उभ्या स्टँडमध्ये ठेवायचा, वेगळा कीबोर्ड-माउस घ्यायचा, आणि झाकण मिटल्यामुळे कॅमेराही गेला, म्हणून वेबकॅम घ्यायचा. हा खर्च मॉनिटरच्या किमतीत आधीच धरा.

माझं मत सरळ आहे. टेबल बदलणार नसाल तर २७ इंची घ्या. ७० सेंमीचं टेबल घ्यायची तयारी असेल, आणि शीट खरंच आडव्या असतील, तर ३४.

पिक्सेल किती हवेत हे मराठी वाचणाऱ्याने इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा जरा काटेकोरपणे ठरवावं. २७ इंचीत १९२० × १०८० असेल तर एका इंचात ८२ पिक्सेल बसतात, म्हणजे एक पिक्सेल ०.३१ मिमीचा. १२ पॉइंटचं अक्षर १०० टक्क्यांवर १६ पिक्सेलांत बसवायचं असतं. रोमन अक्षराला ते पुरतात. देवनागरीत त्याच सोळात शिरोरेषा, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षराचा निम्मा भाग. अनुस्वाराच्या वाट्याला दोन-तीन पिक्सेल येतात. 'कर्तृत्व', 'राष्ट्रीय', 'उद्ध्वस्त', 'ऱ्हास', 'शृंखला' हे शब्द निर्मला यूआय किंवा मंगल फाँटमध्ये ११ पॉइंटला लिहून पाहा. ८२ च्या घनतेवर 'ष्ट्र' चा गोळा होतो, ध आणि घ एका नजरेत वेगळे कळत नाहीत. मुद्रितशोधन करणाऱ्यासाठी हा पडदा बाद. ३४ इंचीत २५६० × १०८० असा स्वस्त प्रकार मिळतो, त्याची घनताही तेवढीच ८२. तोही बाद.

२७ इंचीत २५६० × १४४० आणि ३४ इंचीत ३४४० × १४४० या दोन्हींची घनता ११० च्या आसपास. १०० टक्क्यांवर वाचता येतं, संध्याकाळी डोळे थकल्यावर १२५ करावं. २७ इंचीत ३८४० × २१६०, म्हणजे ४के, घेतला तर घनता १६३. त्यावर १५० टक्के स्केलिंग ठेवलं की जागा १४४० वाल्याइतकीच मिळते, पण अक्षर छापल्यासारखं दिसतं. दिवसभर मराठी मजकूर हाताळणाऱ्याने ऐपत असेल तर हाच घ्यावा. ३२ इंचीत मात्र १४४० घेऊ नका, घनता ९२ वर येते. तिथे ४के हवा, आणि टेबल पुन्हा खोल हवं.

पॅनेलच्या, म्हणजे पडद्याच्या आयपीएस, व्हीए, ओएलईडी अशा प्रकारांच्या, जाहिरातबाजीत फार शिरू नये. आयपीएसचे कोन आणि रंग चांगले, काळा रंग किंचित राखाडी, कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१. व्हीएचा कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या घरात, अंधारात सिनेमा सुंदर दिसतो. पण काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर भराभर सरकवला की मागे जांभळट-काळी शेपटी ओढली जाते, आणि स्वस्त व्हीएत ती हमखास दिसते. मजकुराच्या कामाला आयपीएस. ओएलईडीवर आठ तास तीच एक्सेलची रिबन आणि तोच टास्कबार ठेवला तर त्यांचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो, म्हणून या वापरासाठी नको. खोक्यावरच्या 'एचडीआर ४००' कडे (एचडीआर म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवण्याची सोय) दुर्लक्ष करा. त्या श्रेणीला पडद्यामागचा प्रकाश भागाभागाने मंद करण्याची सक्ती नाही, आणि त्याशिवाय एचडीआरला अर्थ नाही. ६० ऐवजी ७५ किंवा १०० हर्ट्झ (सेकंदाला तितक्या वेळा चित्र ताजं होणं) मिळत असतील तर मजकूर सरकवताना फरक जाणवतो. १४४ च्या वरचं सारं खेळणाऱ्यांसाठी.

दोन गोष्टींवर मात्र अडून बसा: स्टँडची उंची कमी-जास्त होणं, आणि मागे आर्म किंवा भिंतीचा ब्रॅकेट बसवण्यासाठी १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिमीची चार व्हेसा भोकं. स्वस्त मॉडेलांत स्टँड फक्त पुढे-मागे कलतो आणि मग खाली जुने दिवाळी अंक रचावे लागतात.

किमतीबद्दल एक. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर २८. त्यामुळे ३४ इंची अवाच्या सवा महाग वाटायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्के आहे. त्याआधीचे लेख किंवा व्हिडिओ पाहून किमतीचा अंदाज बांधला असेल तर तो पुन्हा बांधा.

आता लॅपटॉपचं पोर्ट, कारण निम्म्या तक्रारी इथून येतात. आठव्या पिढीच्या इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपांत एचडीएमआय १.४ असतं. त्यातून २५६० × १४४० ला ६० हर्ट्झ मिळतात. ४के ला फक्त ३०, आणि ३० हर्ट्झवर माउसचा बाण चिखलातून चालल्यासारखा चालतो. ३४४० × १४४० ला ६० हर्ट्झसाठी सुमारे ३२० मेगाहर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवण्याचा वेग) लागतो, पण ही पोर्टं ३०० च्या आसपास थांबतात, म्हणून विंडोजच्या यादीत ५० हर्ट्झ दिसतात. मॉनिटर बिघडलेला नसतो. नवी केबल आणूनही फरक पडत नाही.

सुटका टाइप-सीमधून होऊ शकते, पण प्रत्येक टाइप-सी चित्र पाठवत नाही. पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टची, म्हणजे एचडीएमआयसारख्याच चित्र पाठवणाऱ्या दुसऱ्या जोडणीची, खूण (इंग्रजी डी-च्या पोटात पी) किंवा थंडरबोल्टची वीज कोरलेली आहे का पाहा. नुसती 'एसएस' असेल तर बहुधा फक्त डेटा. खूण नसेल तर कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलच्या तपशिलात 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' शोधा. तो असेल तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी केबल घ्या, ४के ६० हर्ट्झवर चालेल. मॉनिटरलाच टाइप-सी असेल तर एका केबलमधून चित्र, चार्जिंग आणि यूएसबी तिन्ही जातात. मग मॉनिटर किती वॉट देतो ते पाहा: ६५ वॉट साध्या कामाच्या लॅपटॉपला पुरतात, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्याला नाही. असा मॉनिटर ४के ला ३० हर्ट्झच दाखवत असेल तर त्याच्या मेनूत यूएसबी-सीसाठी 'हाय रिझोल्यूशन' आणि 'हाय डेटा स्पीड' असे दोन पर्याय असतात. पहिला निवडा. दुसऱ्यात केबलच्या चारपैकी दोन वाटा यूएसबीला दिलेल्या असतात.

बाजारात नेहमी होणारी चूक: डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय ही केबल एकाच दिशेने चालते, डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे. लॅपटॉपचं एचडीएमआय मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला लावलं तर पडदा काळाच राहतो. आणि '२.० ची केबल द्या' असं मागण्यापेक्षा खोक्यावर 'प्रीमियम हाय स्पीड' लिहिलंय का पाहा, केबलची खरी वर्गवारी तीच. दोन मीटर पुरते. पाच मीटरची स्वस्त केबल मध्येच पडदा काळा करून परत आणते.

मॉनिटर घरी आला की खोकं उघडताना मोबाइलवर सलग चित्रण करा, लेबलपासून. परताव्याच्या वेळी तोच पुरावा. खोकं टेबलावर ठेवून पडदा फोममध्ये पालथा असतानाच स्टँड लावा. गादीवर पालथा घालू नका, मऊ गादीत मध्यभागी दाब येतो, वक्र पडद्याला तर जास्तच. उचलताना दोन्ही बाजूंच्या कडा तळव्यांनी धरा, बोटांची टोकं काचेवर रोवू नका. ३४ इंची असेल तर दुसरं माणूस हवंच.

पहिल्याच दिवशी तपासणी करा, परत करण्याची मुदत चालू असताना. पेंटमध्ये पूर्ण पडदाभर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पाच रंग एकामागून एक दाखवा. पांढऱ्यावर काळा ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल, काळ्यावर रंगीत ठिपका म्हणजे अडकलेला. वॉरंटीच्या अटींत असे काही पिक्सेल 'चालतात' असं लिहिलेलं असतं, त्यामुळे आठवड्यात बदलून मिळणारा मॉनिटर तीन महिन्यांनी मिळत नाही. काळ्या पडद्यावर खोलीतला दिवा बंद करून कोपरे पाहा. डोकं हलवल्यावर उजळ डाग जागा बदलत असेल तर ती आयपीएसची चमक, तिला इलाज नाही. डाग जागचा हलत नसेल तर कडेने प्रकाश गळतोय. जास्त असेल तर परत. याचा फोटो काढून निर्णय घेऊ नका, मोबाइल अंधारात प्रकाश कितीतरी वाढवून दाखवतो. मात्र प्रकाश लुकलुकतो का हे मोबाइलनेच कळतं: कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० करा, मॉनिटरची ब्राइटनेस २० वर आणा आणि पांढरा पडदा पाहा. सरकत्या गडद पट्ट्या दिसल्या तर तो प्रकाश भराभर बंद-चालू करून मंद करतोय. त्याने ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी तो ठेवू नये.

आर्म लावायचा ठरवलात तर टेबलाची फळी पाहा. १८ मिमीचा प्लाय असेल तर प्रश्न नाही. ऑनलाइन येणारी बरीच टेबलं भुशाच्या बोर्डाची असतात. शिकंज्याचा दाब एका जागी पडून बोर्ड महिन्याभरात खचतो, सनमायका वर फुगते आणि मॉनिटर पुढे झुकतो. खाली आणि वर १५ × १५ सेंमीचे दोन-तीन मिमी जाड लोखंडी पत्र्याचे तुकडे घाला, हार्डवेअरच्या दुकानात कापून मिळतात. आर्मच्या वजनाच्या मर्यादेत स्टँड धरू नका, फक्त पडद्याचं वजन धरा. ३४ इंचीचं साधारण पाच-सहा किलो असतं. मागचे स्क्रू एम४, बहुधा १० मिमी लांब. हाताला आला म्हणून लांब स्क्रू फिरवला तर तो आतल्या सर्किटवर जाऊन टेकतो.

गॅस स्प्रिंगच्या आर्मला पडदा लावण्याआधी तो मोकळा सोडू नका, वजन नसल्यामुळे सटकन वर उसळतो आणि हनुवटीवर लागतो. वर करून ठेवा, पडदा लावा, मग अ‍ॅलन कीने ताण असा जुळवा की हात सोडल्यावर पडदा ना खाली बसेल ना वर चढेल. भिंतीला टेकलेल्या टेबलाचा आणखी एक पेच आहे: आर्म घडी करताना त्याचं कोपर मागे जातं. त्याला दहा-बारा सेंमी हवेत. शिकंजा मध्यावर न लावता मध्यापासून २५-३० सेंमी बाजूला लावला की कोपर भिंतीला समांतर दुमडतं आणि पडदा भिंतीपासून दहा-बारा सेंमीवर बसतो. तुमच्या ५० सेंमी टेबलावर यातून सहा ते आठ सेंमी सुटतात, अंतर साठीच्या पुढे जातं. २७ इंचीला ते उत्तम. ३४ ला तरीही दहा कमीच.

भिंतीवर लावणार असाल तर भिंत कसली ते आधी पाहा. जुन्या इमारतीत विटांची भिंत असेल तर स्क्रूसाठीची नेहमीची प्लास्टिकची गिट्टी चालते. अलीकडच्या टॉवरांतल्या आतल्या भिंती पुष्कळदा हलक्या ब्लॉकच्या असतात, ज्यांना गवंडी सिपोरेक्स म्हणतात. त्यात ड्रिल लोण्यासारखं जातं आणि नेहमीची गिट्टी तितक्याच सहज बाहेर येते. त्यासाठी वेगळे, लांब आणि आत फुगणारे अँकर मिळतात.

उंची: खुर्चीत नीट बसल्यावर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा दोन-चार सेंमी खाली. ७५ सेंमी उंच टेबलावर पडद्याची खालची कड टेबलापासून १० ते १४ सेंमी वर येते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी चार-पाच सेंमी खाली घ्या, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळी मान धरते. खिडकी बाजूला हवी. पाठीमागे असेल तर पडद्यात दिसते, समोर असेल तर डोळे दिपतात. डोक्यामागच्या भिंतीवरची ट्यूब बंद करून टेबलाच्या बाजूची लावा.

विंडोजमध्ये पहिल्यांदा सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले. रिझोल्यूशनपुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं निवडा, ते मॉनिटरचं मूळ. मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः वाढवा. १०० हर्ट्झचा मॉनिटर विंडोज अनेकदा ६० वरच ठेवतं आणि लोक वर्षभर तसाच वापरतात. शोधपट्टीत 'सीटीट्यून' (cttune) टाइप करून क्लिअरटाइपची, म्हणजे अक्षरं रेखीव करणाऱ्या सोयीची, पाच पानं पूर्ण करा, मराठी मजकुराला याचा फरक पडतो.

एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग धुरकट आणि सगळं चित्र फिकट दिसलं तर लॅपटॉप मॉनिटरला टीव्ही समजतोय. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांची व्याप्ती 'लिमिटेड' ऐवजी 'फुल' करा. निळ्यावर लाल अक्षरं विस्कटलेली, कडांना रंग सुटल्यासारखी दिसली तर रंगांचा प्रकार 'वायसीबीसीआर ४२२' वरून 'आरजीबी' करा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर मॉनिटरच्या मेनूत ओव्हरस्कॅन बंद.

मॉनिटर कारखान्यातून दुकानाच्या झगमगाटासाठी लावलेला येतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. रंगाचं तापमान ६५०० किंवा 'वॉर्म'. गॅमा २.२. ओव्हरड्राइव्ह मधल्या पायरीवर, सगळ्यात वरच्या पायरीवर हलणाऱ्या वस्तूंमागे उलटी पांढरी सावली पडते. शार्पनेस वाढवू नका, शिरोरेषेभोवती पांढरी कड दिसू लागते. ब्राइटनेससाठी पडद्यावर कोरं वर्ड पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा वाटला तर कमी करा, करडा वाटला तर वाढवा, दोन्ही सारखे वाटले की थांबा. आकडा बहुधा २५ ते ४० च्या मध्ये येतो. शंभरवर ठेवून डोळे चुरचुरतात म्हणणाऱ्यांचं औषध हेच.

रुंद पडदा दोन सारख्या भागांत विभागण्याची सवय लागते, ती मोडा. जोड नेमकी नाकासमोर येते आणि दिवसभर मान कुठल्यातरी एका बाजूला राहते. मायक्रोसॉफ्टच्या मोफत पॉवरटॉइजमध्ये फॅन्सीझोन्स आहे. त्यात तीन पट्टे करा: मधला निम्मा, बाजूचे पाव-पाव. ३४४० चा निम्मा म्हणजे १७२० पिक्सेल, ए४ ची दोन पानं शेजारी मावतात. मध्ये मजकूर, डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे शब्दकोश आणि चॅट. विंडोज ११ मध्ये विंडोज आणि झेड दाबूनही तयार मांडण्या मिळतात.

सिनेमाच्या बाबतीत अपेक्षा जरा आवरा. १६:९ चा व्हिडिओ ३४ इंचीवर लावला की दोन्ही बाजूंना ४४० पिक्सेलची, म्हणजे दहा सेंमीची काळी पट्टी राहते. २.३९:१ चे सिनेमे पडदाभर दिसायला हवेत, पण ओटीटीवर ते पुष्कळदा काळ्या पट्ट्यांसकट १६:९ मध्ये येतात. मग चारही बाजूंनी काळं आणि मध्ये सिनेमा. ब्राउझरला एक्स्टेंशन लावून चित्र मोठं करता येतं, टीव्हीच्या अ‍ॅपसारखं सहज मात्र नाही.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये पूर्ण ३४४० चा पडदा शेअर केलात तर समोरच्याला लॅपटॉपवर एक बारीक पट्टी दिसते आणि तो 'झूम करा ना' म्हणत राहतो. फक्त विंडो शेअर करा. झूममध्ये पडद्याचा भाग निवडून शेअर करण्याचीही सोय आहे.

विजेचं फारसं मनावर घेऊ नका. ३४ इंची साधारण ४० वॉट घेतो. आठ तासांचे ०.३२ युनिट, महिन्याला दहा युनिटच्या आत. अ‍ॅडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर स्टॅबिलायझर नको. मात्र चांगला सर्ज प्रोटेक्टर हवा. अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. नसेल तर एचडीएमआय जोडल्यावर लॅपटॉपच्या धातूला हात लावताच झिणझिण्या येतात, आणि पावसाळ्यात विजा कडाडताना पोर्ट जळण्याची भीती राहते. तीन पिनांच्या प्लगची एक पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात लावण्याचा उद्योग करू नका.

पुसण्यासाठी मॉनिटर बंद करून गार होऊ द्या. मायक्रोफायबरचं कोरडं फडकं, डाग राहिला तर त्याच फडक्याचा कोपरा डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करून. काच पुसायचा निळा स्प्रे नको, मॅट थर उतरतो. आणि पाणी पडद्यावर थेट फवारू नका. थेंब घरंगळत खालच्या पट्टीत शिरतात. पिक्सेलना संकेत देणारे नाजूक जोड बहुतेक मॉनिटरांत तिथेच असतात. आठवड्याभराने पडद्यावर उभी रंगीत रेघ उमटते, आणि आत पाणी गेलेल्या मॉनिटरला वॉरंटी लागू होत नाही.